पूर्वसंशोधनाचा आढावा आणि यंत्राचें साह्य

उच्च शिक्षणाचा प्रसार झाल्यापासून शहरांतील पुष्कळ घरांतून एकादा मुलगा वा एकादी मुलगी प्रबंध लिहीत असलेली आढळते. या प्रबंधांत आरंभींच बहुधा ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या नांवाचें एक प्रकरण असतें. कित्येक ठिकाणीं यालाच ‘साहित्य-समीक्षा’ असें म्हणतात. पण हें नांव थोडें फसवें आहे. येथें काव्य-नाटकांच्या गुणदोषांची चर्चा अभिप्रेत नसते. आपण जो प्रश्न हातीं घेतला आहे, त्यावर आजवर कोणीं, केव्हां व कोणत्या रीतीनें काम केलें, त्यांना काय आढळलें आणि अजून काय उरलें आहे, याचा चोख हिशेब येथें मांडावयाचा असतो. घरांतील वडील माणसांना हें प्रकरण म्हणजे पानें भरण्याची एक रीत वाटते. आणि खरें सांगावयाचें तर कित्येक प्रबंधांत तें तसेंच असतें. त्यांत आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें हाताशीं आलीं आहेत. जें प्रकरण लिहावयास पूर्वीं सहा महिने लागत, तें हीं यंत्रें एका दुपारीं लिहून देतात. तेव्हां या कामीं यंत्राचें साह्य कोठपर्यंत घ्यावें आणि कोठें थांबावें, हा प्रश्न आज घरोघरचा झाला आहे.

हा आढावा अपुरा राहिल्यास काय होऊं शकतें, याचें एक दुःखद उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत २००१ सालीं दम्यासंबंधीं एक प्रयोग चालला होता. निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नांवाचें द्रव्य श्वासावाटे देऊन त्याचा श्वासनलिकांवर होणारा परिणाम पाहावयाचा होता. त्यांपैकीं एका स्वयंसेवकाच्या फुप्फुसांस इजा झाली आणि महिन्याभरांत मृत्यु ओढवला. पुढें असें उघडकीस आलें कीं, या द्रव्यापासून फुप्फुसांस अपाय होतो असें सुचविणारे लेख १९५० च्या दशकांतच छापले गेले होते. संशोधकानें शोध घेतलाच नव्हता, असें मात्र नव्हे. परंतु पबमेड नांवाच्या ज्या सूचीवर त्यानें मुख्यतः भिस्त ठेविली, तींत त्या वेळीं १९६६ पूर्वींच्या लेखांची नोंद नव्हती. ते लेख ग्रंथालयाच्या कपाटांत होते. संगणकाच्या पडद्यावर नव्हते. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अमेरिकन सरकारनें त्या विद्यापीठांतील, आपल्या पैशानें चालणारे, मनुष्यांवरील प्रयोग कांहीं काळ थांबविले. यंत्रबुद्धीचा तेव्हां मागमूसहि नव्हता. पण ‘जें पडद्यावर दिसलें तेवढेंच अस्तित्वांत आहे’ हा जो भ्रम येथें घातक ठरला, तो आज नाहींसा झाला नसून उलट बळावला आहे.

सूचींचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पण त्याचा विस्तार करण्याचें हें स्थळ नव्हे. जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकन सैन्यांतील डॉक्टरानें १८७९ सालीं ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची मासिक सूचि सुरू केली, १९६४ पासून ती तयार करण्याचें काम संगणकाकडे गेलें, आणि आजच्या पबमेडमध्यें साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. कोणी रोज शंभर नोंदी वाचण्याचा नेम धरला, तर त्या वाचून संपावयास साडेनऊशें वर्षें लागतील! आणि ही केवळ वैद्यक व जीवशास्त्र यांची गोष्ट झाली. म्हणून यंत्राचें साह्य घेणें हा कांहीं आळशीपणा नव्हे. कोणतें काम यंत्राला सांगितलें, एवढाच प्रश्न आहे.

एक विषय उदाहरणादाखल घेऊं. समजा, एका विद्यार्थिनीला असा प्रश्न पडला कीं, गर्भारपणीं चुलीचा धूर श्वासावाटे गेल्यानें बाळाचें जन्मतः वजन कमी भरतें काय? आपल्या देशांत २०१६ सालीं उज्ज्वला योजना सुरू होऊन खेड्यापाड्यांतून स्वयंपाकाच्या गॅसच्या जोडण्या दिल्या गेल्या. तेव्हां हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. आतां जुन्या रीतीच्या सूचींत शोधावयाचें म्हणजे नेमका शब्द ठाऊक पाहिजे. पण शास्त्रज्ञांचे शब्द कालमानानें बदलतात. पूर्वीं या विषयावर लिहिणारे ‘घराच्या आंतील हवेचें प्रदूषण’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरीत. अलीकडे ‘घरगुती हवेचें प्रदूषण’ असा वापरतात. कोणी ‘लाकडाचा धूर’ म्हणतो, कोणी ‘घनरूप इंधन’, तर कोणी ‘जैविक इंधन’. एक शब्द धरून शोध घेतला कीं बाकीचे लेख हातांतून निसटतात.

येथें नवें यंत्र खरोखर उपयोगी पडतें. तें शब्द जुळवीत नाहीं, अर्थ जुळवितें. म्हणजे काय होतें, तें थोडें समजून घेतलें पाहिजे. प्रत्येक लेखाच्या सारांशाचें रूपांतर तें संख्यांच्या एका लांबलचक मालिकेंत करतें. ही मालिका अशा रीतीनें बनविलेली असते कीं, ज्या दोन लेखांचा आशय सारखा, त्यांच्या संख्याहि एकमेकींच्या जवळ याव्यात. विद्यार्थिनीनें विचारलेला प्रश्नहि असाच संख्यांत मांडला जातो, आणि मग नकाशावर जवळचीं गांवें शोधावीं तसे जवळचे लेख शोधले जातात. म्हणून प्रश्नांत ‘चूल’ हा शब्द असतां ‘जैविक इंधन’ म्हणणारा लेखहि सांपडतो. सिॲटल येथील ॲलन इन्स्टिट्यूटनें २०१५ सालीं सुरू केलेलें ‘सिमँटिक स्कॉलर’ आणि त्यानंतर निघालेलें ‘एलिसिट’ हीं या जातीचीं साधनें होत. शिवाय एक चांगला लेख हातीं लागला कीं त्यानें कोणाचे आधार घेतले आणि पुढें त्याचा आधार कोणीं घेतला, याची साखळीहि हीं साधनें उलगडून दाखवितात. गुजराथेंतील खेड्यांत चुलींच्या धुराचें मोजमाप करून १९८३ सालीं कर्क स्मिथ व त्यांचे सहकारी यांनीं एक लेख प्रसिद्ध केला होता. अशा एका जुन्या लेखापासून निघून चाळीस वर्षांचा मार्ग पावलापावलानें चालत येतां येतो.

दुसरें काम चाळणीचें. सूचींतून दोन-तीन हजार नांवें निघालीं, तर त्यांतील दोन-तीनशेंच कामाचीं असावयाचीं. नेदरलंड्समधील उट्रेक्ट विद्यापीठानें या कामासाठीं ‘एएसरिव्ह्यू’ नांवाचें एक विनामूल्य साधन तयार केलें आहे. वाचक कांहीं लेखांवर ‘हवा’ व कांहींवर ‘नको’ अशी खूण करतो. त्यावरून यंत्र शिकतें आणि उरलेल्यांपैकीं हवे असण्याचा संभव अधिक असलेले लेख वर आणतें. प्रत्येक खुणेसरशी हा क्रम सुधारत जातो. धान्य पाखडतांना सूप हातांत गृहिणीच्याच असतें, तसाच हा प्रकार आहे. मात्र ‘आतां पुढें पाहावयास नको’ हें कोठें ठरवावयाचें, तें यंत्र सांगत नाहीं. आणि पुष्कळदां शेवटच्या ढिगांतच एकादा विरोधी निष्कर्षाचा लेख दडून बसलेला असतो.

या शोधकामाला आणखीहि एक अंग आहे. डॉन स्वान्सन हे शिकागो विद्यापीठांतील ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक होते. थंडीनें बोटें पांढरीं पडणाऱ्या रेनॉ या विकारावरील लेखांत रुग्णांचें रक्त दाट असल्याचें म्हटलें आहे, आणि माशांच्या तेलावरील अगदीं निराळ्या लेखांत या तेलानें रक्ताचा दाटपणा कमी होतो असें म्हटलें आहे, हें त्यांनीं १९८६ सालीं दाखवून दिलें. हे दोन्ही समुदाय एकमेकांचे लेख वाचीतच नव्हते. स्वान्सन यांनीं कोणताहि प्रयोग केला नाहीं, केवळ छापलेलें वाचलें, आणि एक नवी कल्पना पुढें मांडली. अशा दूरदूरच्या गोष्टी शेजारीं आणून ठेवण्याचें काम आजचीं यंत्रें विलक्षण वेगानें करूं शकतात. शोधण्याच्या कामांत यंत्राची खरी थोरवी जर कोठें असेल, तर ती येथें आहे.

पण विद्यार्थी सहसा येथें थांबत नाहींत. ते चॅटजीपीटीसारख्या भाषायंत्राला सरळ सांगतात कीं, ‘या विषयावरील पूर्वसंशोधनाचा आढावा संदर्भांसह लिही.’ आणि तें लिहितें! भाषा सफाईदार, परिच्छेद आटोपशीर, शेवटीं लेखकांचीं आडनांवें, वर्षें, नियतकालिकांचीं नांवें, खंड व पृष्ठें यांची डौलदार यादी. यांतील कित्येक लेख कोणीं कधीं लिहिलेलेच नसतात.

असें कां व्हावें? हें यंत्र खोटें बोलतें, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. कारण खोटें बोलावयास खरें काय तें ठाऊक असावें लागतें. भाषायंत्राला अफाट मजकूर पुरवून, अमुक शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढें मुख्यतः शिकविलेलें असतें. उत्तर देतांना तें, निराळी सोय करून दिलेली नसल्यास, कोणतेंहि कपाट उघडून पाहात नाहीं. संदर्भाचा ‘घाट’ कसा असतो, हें त्यानें लक्षावधि वेळां पाहिलेलें असल्यामुळें त्या घाटाचा संदर्भ तें घडवितें. गणित न सुटलेला विद्यार्थी सुंदर अक्षरांत रीत लिहून खालीं कांहींतरी उत्तर मांडतो, हें ज्यांनीं वह्या तपासल्या आहेत त्यांना सांगावयास नको. मेटा या कंपनीनें तर खास शास्त्रीय वाङ्मयासाठीं सुमारे ४.८ कोटी लेख, पुस्तकें इत्यादिकांवर शिकवून ‘गॅलॅक्टिका’ नांवाचें यंत्र २०२२ च्या नोव्हेंबरांत लोकांपुढें ठेविलें; त्याच्या उत्तरांतील बनावट मजकुरावर इतकी टीका झाली कीं, तीन दिवसांत तें परत घ्यावें लागलें.

या दोषाचें मोजमापहि झालें आहे. २०२३ सालीं ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकांत दोघा संशोधकांनीं असा प्रयोग प्रसिद्ध केला कीं, ४२ विषयांवर यंत्राकडून छोटे आढावे लिहवून घेऊन त्यांतील ६३६ संदर्भ एक-एक करून तपासले. जीपीटी-३.५ या आवृत्तीनें दिलेल्या संदर्भांपैकीं शेंकडा ५५ बनावट निघाले. त्यापुढील जीपीटी-४ मध्यें हें प्रमाण शेंकडा १८ वर आलें. जे संदर्भ खरे होते, त्यांतहि पहिल्या आवृत्तींत शेंकडा ४३ व दुसरींत शेंकडा २४ संदर्भांत महत्त्वाच्या चुका होत्या. त्यानंतर यंत्रें सुधारलीं आहेत. आधीं खरी सूचि शोधून मग लिहावयाचें, अशी सोय पुष्कळांत केलेली असते. त्यामुळें मुळीं नसलेला लेख दाखविला जाण्याचें प्रमाण घटलें. परंतु त्या जागीं एक सूक्ष्म दोष उरला आहे, आणि तो अधिक वाईट म्हटला पाहिजे: लेख खरा असतो, लेखक खरा असतो, मात्र त्याच्या तोंडीं घातलेलें विधान त्या लेखांत नसतें. बनावट लेख शोधून सांपडत नाहीं, म्हणून चोरी पकडली जाते. येथें लेख सांपडतो, आणि तपासणारा तेवढ्यावर समाधान मानून पुढें जातो.

अर्थात् माणसें या बाबतींत फार पवित्र होतीं, असा समज करून घेण्याचें कारण नाहीं. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेनें लेखकांना संदर्भ कसा लिहावा तें दाखविण्यासाठीं एक काल्पनिक संदर्भ नमुना म्हणून छापला होता. त्या नांवाचा लेखहि नव्हता आणि तें नियतकालिकहि नव्हतें. तरी पुढें शेंकडों लेखांच्या संदर्भयादींत हा नमुना खराखुरा आधार म्हणून जाऊन बसलेला आढळला! नमुना पुसावयाचा राहिला आणि यादी कोणीं वाचलीच नाहीं, याखेरीज त्याचा अर्थ काय होणार? यंत्रानें ही जुनीच खोड मोठ्या प्रमाणावर आणि झपाट्यानें चालेल अशी करून दिली, इतकेंच.

आतां चुलीच्या धुराकडे पुन्हां वळूं. कारण संदर्भ सारे खरे असले तरी काम संपत नाहीं, हें त्यावरून चांगलें दिसतें. ग्वाटेमालांतील एका पाहणींत (२००२) लांकडाच्या उघड्या चुलीवर रांधणाऱ्या मातांचीं बाळें, इतर कारणांचा हिशेब वजा करतां, सरासरीनें ६३ ग्रॅम हलकीं आढळलीं. अशा आणखीहि पाहण्या आहेत आणि त्यांचा बहुतेक सूर एकच आहे. पण नंतर भारत, ग्वाटेमाला, पेरू व रुआंडा या चार देशांत मिळून सुमारे ३,२०० गर्भवतींवर एक मोठा प्रयोग झाला. भारतांत तो तामिळनाडूंत झाला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडून एका गटाला गॅसची शेगडी व इंधन फुकट दिलें. दुसऱ्या गटाच्या चुली चालूच राहिल्या. गॅसच्या घरांतील धूर पुष्कळ घटला. तथापि २०२२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तेव्हां बाळांच्या वजनांत गणनीय असा फरक दिसला नाहीं.

येथें यंत्राकडे सारांश मागितला, तर तें बहुधा असें सांगेल: ‘धूर व कमी वजन यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, कांहींत दिसत नाहीं.’ वाक्य निर्दोष आहे. आणि तितकेंच निरुपयोगी आहे. दहा पाहण्या एका बाजूला आणि एक प्रयोग दुसऱ्या बाजूला असतां डोकीं मोजून निवाडा होत नसतो. ज्या घरांत चूल असते तेथें बहुधा दारिद्र्यहि असतें. मग वजन घटलें तें धुरानें कीं मातेच्या उपासमारीनें, हें नुसत्या पाहणीनें पुरतें वेगळें करतां येत नाहीं, आणि प्रयोगांत तें करतां येतें. उलट प्रयोगांतील स्त्रियांना शेगडी मिळाली ती गर्भारपणाचा नववा ते विसावा आठवडा या सुमारास प्रयोगांत घेतल्यानंतर. तेव्हां पहिल्या महिन्यांतील धुराचें काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय शेजारच्या घरचा आणि रस्त्यावरचा धूर होताच. ही वजाबाकी करावयाची तर मूळ लेखांतील ‘कार्यपद्धति’ हा सर्वांत रुक्ष भाग वाचावा लागतो. यंत्राच्या हातीं पुष्कळदां फक्त सारांश असतो, कारण पूर्ण लेख पैसे भरल्याखेरीज उघडत नाहींत. आणि सारांशांत लेखक आपली उजळ बाजूच दाखवितो. ज्या विद्यार्थिनीनें हे दोन लेख समोरासमोर ठेवून ही चर्चा स्वतः लिहिली, तिचें प्रकरण खरें. गॅस घरोघर द्यावा कीं नाहीं, याचा निर्णय अर्थात् केवळ बाळाच्या वजनावर अवलंबून नाहीं. धुरानें होणारे आईचे दुसरे विकार आहेतच. परंतु जें सिद्ध झालें नाहीं तें सिद्ध झालें असें लिहून चांगल्या योजनेचेंहि भलें होत नाहीं.

मग व्यवहार कसा ठेवावा? यंत्रानें दिलेला प्रत्येक लेख उघडून पाहिल्याशिवाय यादींत घेऊं नये, हा पहिला व जवळजवळ एकमेव नेम. हल्लींच्या बहुतेक लेखांना डीओआय नांवाचा कायमचा क्रमांक असतो. जमिनीच्या सर्व्हे नंबरासारखा. तो ‘डीओआय डॉट ऑर्ग’ या ठिकाणीं घातला असतां खरा लेख असल्यास तो उघडतो. लेख उघडल्यावर तो मागें घेतलेला तर नाहीं ना, हेंहि पाहावें. गोंवराच्या लशीचा आत्ममग्नतेशीं संबंध जोडणारा लेख ‘लॅन्सेट’मध्यें १९९८ सालीं आला आणि २०१० सालीं तो मागें घेतला गेला; परंतु मधल्या बारा वर्षांत त्याचा उल्लेख असलेला मजकूर जगभर पसरला होता आणि भाषायंत्रें असल्याच मजकुरावर पोसलेलीं आहेत. मागें घेतलेल्या लेखांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ ही यादी २०२३ पासून सर्वांना खुली आहे. कोणत्या तारखेस, कोणत्या साधनांत, कोणते शब्द घालून शोध घेतला, हें वहींत टिपून ठेवावें. कारण यंत्राला तोच प्रश्न पुन्हां विचारला असतां उत्तर निराळें येऊं शकतें आणि परीक्षकाला ताळा पाहतां आला पाहिजे. यंत्राचें साह्य घेतलें असल्यास तसें लिहावें; त्यांत कमीपणा नाहीं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनें २०२३ सालींच असें ठरविलें आहे कीं, यंत्राला लेखक मानतां येणार नाहीं, कारण लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी तें घेऊं शकत नाहीं. आणि त्याचा उपयोग केला असल्यास लेखकानें तो उघड सांगावा.

राहतां राहिला मराठी विषयांचा प्रश्न. यंत्राला जें वाङ्मय दिसतें तें बहुतांशीं इंग्रजी आणि त्यांतहि अलीकडचें. महाराष्ट्राच्या इतिहासावर, बोलींवर किंवा संतवाङ्मयावर काम करणाऱ्याला तें जी यादी देईल, तींत इंग्लंड-अमेरिकेंत छापलेलें एकादें पुस्तक अग्रभागीं असेल आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकांतील मूळ लेखाचा पत्ताहि नसेल. जुन्या मासिकांचीं पानें आंतरजालावर चढविलेलीं असलीं, तरी कित्येकदां तीं नुसतीं छायाचित्रें असतात. त्यांतील अक्षरें यंत्राला वाचतां येतातच असें नाहीं. वाचतां आलीं तरी १९६२ च्या नियमांपूर्वींचें अनुस्वारयुक्त शुद्धलेखन आणि त्यानंतरचें शुद्धलेखन यांत शब्दांचीं रूपें भिन्न पडतात, आणि ‘नाव’ म्हणून शोधणाऱ्याला ‘नांव’ सांपडत नाहीं. तेव्हां अशा विषयांत दोन्ही रूपें घालून शोधावें आणि त्याबरोबर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूचि’ जवळ ठेवावी. १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची नोंद तिच्या पहिल्या भागांत आहे आणि ती यंत्रानें नव्हे, ग्रंथ स्वतः धुंडाळणाऱ्या एका माणसानें केलेली आहे. मोडी कागदांची गोष्ट याहून निराळी. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील बहुतेक रुमाल अजून कोणत्याहि यंत्रानें वाचलेले नाहींत. तेथें मोडी शिकून, अर्ज करून, रुमाल सोडवून बसावें लागतें.